तिच्या जागेवरचा ठोकळा

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या खाटेवर एक काळा ठोकळा चढवला. ह्याला काम म्हणायचीही लाज वाटते. जन्मभर दोघांनी मिळून हळद लावली, काढली, शिजवली, वाळवली, पोरं वाढवली, आणि शेवटी काय केलं, तर पुण्याहून आलेला एक डबा दोन बाजूंनी धरून खाटेवर ठेवला. मी पुढून धरला होता, ती मागून. ती म्हणत होती, "हळू, हळू." मी म्हणलं, "हळूच हाय. तुझ्या लेकाचं काही फुटत न्हाई." तिला ते ऐकू गेलं नाही. ती आपली हळूच म्हणत राहिली.

ह्या डब्याला आमचा पुण्यातला पोरगा सबवूफर म्हणतो, गावातली पोरं बफर म्हणतात. मी ठोकळा म्हणतो. त्यातून आवाजातला फक्त जाड भाग बाहेर येतो, ढोलाचा, दणक्याचा. बाकीच्या आवाजासाठी दोन उभे स्पीकर वेगळे. म्हणजे आधी धड असलेल्या आवाजाचे तुकडे करायचे, ते वेगवेगळ्या डब्यांत भरायचे, आणि मग ते तुकडे एकमेकाला जुळत नाहीत म्हणून दिवसच्या दिवस जुळवत बसायचं. तोडलं कशाला, असं मी पोराला विचारलं तर तो हसला. शिकलेली माणसं उत्तर नसलं की असंच हसतात.

हे घरात आलं तिच्या कानांमुळं. तिचे कान सगळेच गेले नव्हते, अर्धे गेले होते. जाड आवाज तिला बराबर ऐकू यायचा. ट्रॅक्टर, म्हशीचं ओरडणं, हळद पॉलिश करायचा ड्रम, माझा खोकला. बारीक गेला होता. बांगडी वाजलेली कळायची नाही, कुकरची शिट्टी कळायची नाही. आणि माणूस बोललं की बोलून राहिलं एवढं कळायचं, काय बोललं ते कळायचं नाही. नांदेडच्या डॉक्टरानं कानात घालायचं मशीन दिलं. ते तिनं थोडे दिवस घातलं. ते कानातल्या कानात शिट्टी मारायचं. मग तिनं ते फडताळात ठेवून दिलं आणि त्यावर कोणी काही बोललं की ऐकू न आल्यासारखं केलं. तिथं तिला बहिरेपणाचा उपयोग झाला.

आमची एकच लेक, साखऱ्याला दिलेली. पहिले ती रोज फोन करायची. पण फोनवर माय नुसतीच "व्हय, व्हय" करते हे तिच्या ध्यानात आलं. मग ती मोबाईलवर बोलून पाठवायला लागली, म्हणजे मायनं तेच परत परत लावून ऐकावं. बायको मोबाईल कानाला दाबून धरायची, एकदा ऐकायची, दोनदा ऐकायची, आणि मग माझ्याकडं द्यायची. मी ऐकायचो आणि तिच्या कानापाशी तोंड नेऊन सांगायचो.

"काय म्हणली?"

"बकरी मेली म्हणते."

"एवढा वेळ बोलली ती. बकरी मेली म्हणायला एवढा वेळ लागतो व्हय?"

"बाकी रडणं होतं."

"मंग ते रडणं सांगा की."

रडणं कसं सांगतात? मी शेतकरी माणूस. मला विचारलं तर काय झालं ते मी सांगतो. बायकांच्या बोलण्यात सुपभर फोलपाट आणि मूठभर दाणे असतात. मी पाखडून दाणे तेवढे तिच्या हातावर ठेवायचो. तिला ते आवडायचं नाही. ती म्हणायची, "तुमी सांगता ते तुमचं असतं. मला तिचं ऐकायचं हाय." पोरगी कशी हसली, कुठं थांबली, कोणाची नक्कल केली, हे सगळं तिला पाहिजे असायचं. मधी माझं तोंड नको असायचं. एवढी एकच गोष्ट तिला ह्या शेवटच्या वर्षात पाहिजे होती. सोनं नको, तीर्थ नको, लेकीचं बोलणं स्वतःच्या कानानं ऐकायचं.

दिवाळीला पोरगा आला तेव्हा तिनं ते त्याच्याजवळ बोलून दाखवलं. आता घरात बहिरी बाई असली की काय करायचं? पोराच्या डोक्यात एकच उत्तर आलं, आवाज मोठा करायचा. त्याच्या घरी नवीन सेट येणार होता, जुना अडगळ झाला होता. अडगळही गेली आणि माय-बापाची सेवाही झाली. उभे स्पीकर, मधलं मशीन आणि हा ठोकळा, सगळं वसमतला आलं आणि तिथून टेम्पोत हळदीच्या पोत्यांवर बसून आमच्या दारात.

जोडायला वसमतहूनच एक माणूस आला. तो लग्नात डीजे वाजवणारा. गळ्यात साखळी, हातात मोबाईल, बोलणं अर्धं हिंदी. मला काका म्हणत होता आणि माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं उभे स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना लावले आणि ठोकळा नेऊन खोलीच्या पार कोपऱ्यात, दोन भिंतींच्या बेचक्यात ढकलला. म्हणला, कोपऱ्यात ठेवला की भिंतीच आवाज फेकतात, दणका डबल होतो. ठोकळ्याच्या मागं दोन गोल बटणं होती. एक त्याचा आवाज मोठा करायचं, दुसरं त्यानं किती वरपर्यंतचा आवाज खायचा ते ठरवायचं. त्यानं दोन्ही बटणं पार शेवटपर्यंत फिरवली. बटण आहे म्हणजे ते शेवटपर्यंतच न्यायचं असतं, अशी त्याची समजूत. गावात तिखट असंच घालणारे लोक आहेत. त्यांच्या घरी कोणी दुसऱ्यांदा जेवत नाही.

मग त्यानं कुठलं तरी वरातीचं वाजवलं. मांडणीवरचे पितळी डबे थरथरायला लागले. खिडकीची काच वाजली. दारातली कुत्री उठून गेली. शेजारपाजारचे लोक येऊन दारात उभे राहिले आणि आपल्याच घरी लग्न आल्यासारखं मान हलवायला लागले. एक जण छातीवर हात ठेवून म्हणला, इथं वाजून राहिलं. ह्याला संगीत म्हणतात. छातीत वाजलं की झालं. असं असेल तर मळणी मशीनवर उभं राहावं, फुकटात होतं.

बायको म्हणली, लेकीचं लावा. त्यानं मोबाईल जोडला. लेक बोलायला लागली, आणि जोडणाऱ्यासकट सगळे स्पीकरकडं वाकून बघायला लागले, कारण ती लेक वाटतच नव्हती. एखादा बाप्या रांजणात तोंड घालून बोलावा तसं येत होतं. अर्धं बोलणं स्पीकरमधून, अर्धं कोपऱ्यातून. आमची लेक एका वेळी दोन जाग्यांवर उभी होती.

"लेकरू विहिरीत पडल्यावानी बोलून राहिलं," बायको म्हणली.

जोडणारा म्हणला, मावशी, हे बोलण्यासाठी नसतं, गाण्यासाठी असतं. आणि चहा पिऊन गेला.

मी म्हणलं, ठोकळ्याची पिन काढून टाकू, नुसते स्पीकर ठेवू. तसं करूनही बघितलं. मग लेकीचा आवाज रेशन दुकानासमोरच्या भोंग्यासारखा चपटा यायला लागला. आमच्या लेकीचा आवाज मायसारखाच, खालून निघणारा, भरलेला. तो खालचा भाग गेला की ती दुसऱ्याचीच कोणीतरी. बायको म्हणली, "बंद केला की ती लांब जाते. चालू केला की विहिरीत जाते. मधी कुठंतरी ती असंलच की."

झालं. तिथून पुढं आमच्या घरात एकच काम. लोकांच्या घरी म्हातारी माणसं नातवंडं खेळवतात, आम्ही ठोकळा खेळवत होतो. ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, टीव्हीखाली, खिडकीपाशी, धान्याच्या कोठीला लागून. कोठीला लावला तर पत्राच वाजायला लागला. देवाच्या खाली ठेवला तर देव हलायला लागले, तिनं लगेच काढायला लावला. प्रत्येक वेळी ती खाटेवर जाऊन बसायची, कारण ऐकायचं तर तिथूनच. खाट तिची, जागा तिची, पाय वर घेऊन भिंतीला टेकायची तिची सवय. मी लेकीचं बोलणं लावायचो आणि तिच्या तोंडाकडं बघायचो. ती मान हलवायची, न्हाई.

एकदा मात्र जरा फरक पडला. ठोकळ्याच्या मागं मुठीएवढं भोक आहे. तिला वाटलं त्यात उंदीर जाईल, पिल्लं घालील. हळदीच्या दिवसात घरात उंदीर असतातच. तिनं जुन्या लुगड्याचा बोळा करून ते भोक गच्च बुजवलं. त्या दिवशी दणका थोडा दबला, आणि लेकीचे दोन-चार शब्द तिच्यापर्यंत पोचले. ती दिवसभर ते शब्द घोळवत होती. पुढं तो जोडणारा गावात कोणाच्या हळदीला वाजवायला आला होता, तो आमच्याकडं डोकावला. बोळा बघून तो एवढा हसला की त्याला बसावं लागलं. म्हणला, मावशी, तिथून तो श्वास घेतो, तुमी तर त्याचा गळाच दाबला. आणि बोळा ओढून माझ्या हातात दिला. तो दाराबाहेर पडला की तिनं माझ्या हातातून बोळा घेतला आणि परत घातला. म्हणली, "घेऊ दे श्वास दुसरीकडून."

पोराला फोन केला की तो शाळा घ्यायचा. ते दुसरं बटण खाली आणा, ऐंशीच्या आकड्यापाशी आणा. मागं एक छोटा खटका आहे, तो पलीकडं करून बघा. आता भरल्यासारखं वाटतं का पोकळ वाटतं? म्हणलं, तो काय भोपळा आहे का. तो म्हणला, बाबा, ठोकळा आणि स्पीकर एका वेळेला बोलले पाहिजेत, एक पुढं एक मागं झालं की गोंधळ होतो. म्हणलं, तुझ्या घरी तू आणि तुझी बायको एका वेळेला बोलता का? तर फोन ठेवला.

ठोकळा खाटेवर चढवला त्या दिवशी दुपारी त्यानंच फोन केला आणि नवीन अक्कल सांगितली. म्हणला, आई जिथं बसते तिथं ठोकळा ठेवा. आणि आईला घरभर फिरवा. जिथं तिला चांगलं ऐकू येईल ती जागा धरा, आणि मग ठोकळा उचलून तिथं ठेवा आणि आईला परत खाटेवर बसवा. म्हणजे उलटं करायचं. म्हणलं, हे पुण्यात कोणी शिकवलं? म्हणला, सगळे असंच करतात. सगळे करत असतील तर ते मूर्खपणाचंच असणार, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. पण ती उठली होती. खाटेवरची वाकळ तिनं गुंडाळून बाजूला ठेवली होती.

तर असा ठोकळा तिच्या जागेवर बसला, भिंतीला टेकून, तिच्यासारखाच. मला ते बघवलं नाही, पण हसूही आलं. म्हणलं, "ह्याला पानसुपारी दे." तिला ऐकू गेलं नाही. मी बटण ऐंशीपाशी आणलं. लेकीचं सकाळचंच बोलणं आलेलं होतं, ते लावलं. चैत्राचे दिवस, बायकांचे कुरड्या-पापडांचे दिवस, आणि लेकीचं बोलणंही कुरड्यांचंच.

बायको भिंतीला एक हात लावून चालत निघाली, अनवाणी. मी मोबाईल धरून बसलो. बोलणं संपलं की परत पहिल्यापासून लावायचं, एवढंच माझं काम. ती खिडकीपाशी थांबली, मान हलवली, पुढं गेली. कोठीपाशी थांबली. देवापाशी थांबली आणि सवयीनं हातही जोडले. मला वैताग आला होता. कडब्याचं काम पडलं होतं आणि मी घरात बसून बायकोला ठोकळ्याभोवती फिरवत होतो. मी म्हणलंही, झालं का. ते तिला ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल.

सैपाकघराच्या चौकटीपाशी ती गेली. एक पाय आत, एक बाहेर. तिथं थांबली ती थांबलीच. भिंतीवरचा हात काढला. मान थोडी वाकडी केली. लेक सांगत होती की ह्या वर्षी चीक नीट शिजला नाही, कुरड्या उन्हात तडकल्या, तर सासू म्हणली, तुझ्या मायनं हेच शिकवलं का. आणि लेक सांगत होती की मी काय म्हणलं माहीत आहे का, मी म्हणलं, "माय बहिरी हाय, तुमचं बोलणं तिच्यापर्यंत जात न्हाई, ती लई सुखात हाय."

आणि चौकटीत उभी असलेली माझी बायको हसली. शब्द संपायला आणि ती हसायला एक गाठ पडली. लोक हसले म्हणून हसणं वेगळं, ते ती किती तरी दिवस करत होती. हे तसं नव्हतं. पुढं लेक म्हणते, "बाबा काय म्हणतेत? काय म्हणणार, शिव्या देत असतील कुणाला तरी." तर तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोंडाला पदर लावला. म्हणजे हेही ऐकलं.

"इथं," ती म्हणली.

"इथं ठोकळा ठेवला तर सैपाकघरात जायचं कुठून?"

हे मी ओरडून म्हणलं होतं, म्हणून तिला कळलं. "तुमी कवा जाता सैपाकघरात," ती म्हणली. "मी जाईन की आडवी होऊन."

तिनं ते परत लावायला सांगितलं. मी लावलं. परत त्याच जागी हसली. तिसऱ्यांदा लावा म्हणली तेव्हा मी मोबाईल ठेवून दिला. म्हणलं, चहा कर, मग उचलू. तिनं चहा केला. खाटेवर ठोकळा होता, म्हणून ती खाली बसली, भाजी निवडायला घेतली. मी बाहेर कडब्याकडं गेलो. परत आलो तर ती भिंतीला टेकलेली होती, मेथीची जुडी मांडीवर, निवडलेली एकीकडं, न निवडलेली एकीकडं. मला वाटलं डोळा लागला. मी म्हणलं, ऊठ, ठोकळा उचलायचा हाय. परत म्हणलं, जोरात. शेजारचे धावत आले ते माझ्या ओरडण्यानं आले.

गाडी बोलावली, डॉक्टर आला, त्यानं मनगट धरलं, सोडलं. आणखी काय करणार.

मग घर भरलं. दिवे लागायच्या सुमाराला लेक साखऱ्याहून पोचली. पोरगा पुण्याहून निघाला होता, तो सकाळी पोचणार, तोपर्यंत बायकोला ठेवायचं ठरलं. ठरवणारे दुसरेच. माझ्या थोरल्या बहिणीला सगळे आक्का म्हणतात, ती शिरड शहापूरहून आली आणि आल्या आल्या घर ताब्यात घेतलं. कोणी कुठं बसायचं, कोणी केव्हा रडायचं, सगळं तिच्या हुकमानं. आलेली प्रत्येक बाई मला ऐकू जाईल अशा बेतानं एकच म्हणत होती, भाग्याची, कपाळाचं कुंकू घेऊन गेली, नवऱ्याच्या आधी गेली. म्हणजे मी आधी मेलो असतो तर हीच बाई अभागी ठरली असती. तिचं भाग्य माझ्या दम्यावर टांगलेलं. आणि हे सांगणाऱ्या निम्म्या बाया स्वतः विधवा. मी एकीला म्हणलं, तुझं काय मग? ती रडायची थांबली.

बायकोला खाली निजवलं होतं, खाटेच्या कडेला. ठोकळा वर खाटेवर तसाच. दोघं जण तो उचलायला आले तर मी म्हणलं, हात लावू नका. काहून, म्हणले. म्हणलं, लावू नका. तिनं जागा सांगितली आहे, तिथं मी ठेवीन. ते एकमेकाकडं बघून बाजूला झाले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, हे बोलले नाहीत, पण तोंडावर होतं.

आता आक्काची अडचण झाली. उशापाशी दिवा पाहिजे, आणि तो गेलेल्या माणसाच्या जागेवर पाहिजे, असं तिचं म्हणणं. जागा म्हणजे खाट. खाटेवर ठोकळा. खाली ठेवला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय लागतात. मग तिनं विचार केला आणि ठोकळ्यावरच पिठाची चिमूट टाकून त्यावर दिवा ठेवला. त्याला हळद-कुंकूही लावलं. समोरच्या बाजूला, बराबर मधोमध. पिन कोणी काढली नव्हती, त्यामुळं त्याचा निळा दिवा खाली जळतच होता, आणि वर हा तेलाचा. मग ज्या बाया आल्या त्या सगळ्यांनी मुकाट्यानं त्याला हळद-कुंकू लावलं. कोणी विचारलं नाही हे काय आहे. एका म्हातारीनं तर कपाळही टेकवलं. माझ्या घरात वरातीच्या दणक्याचा डबा देव होऊन बसला, आणि मी त्याच्यासमोर भिंतीशी बसलो होतो, आणि मला हे सांगायला जिच्याकडं वळावं ती खाली निजलेली.

रात्र गेली ती कशी गेली ते लिहिण्यासारखं नाही.

उजाडताना पोरगा आला. रडला. मग ठोकळ्याकडं बघून परत रडला. त्याला वाटलं हे आम्ही त्याच्या आठवणीनं केलं. असं वाटणारच त्याला, त्याचा सेट. बाहेर बांबू बांधायला घेतले होते, मडकं आलं होतं. आक्कानं पाणी तापवायला सांगितलं. उन्हं वर यायच्या आत उरकायचं असं सगळ्यांचं चाललं होतं. लग्नातही हीच माणसं अशीच घाई करतात आणि मग दुपारपर्यंत जेवत बसतात.

मी अंगणात रांजणापाशी तोंड धुवायला गेलो होतो. लेक मागून आली.  रात्रभर ती रडली तीही बेतानंच, मायवर गेली आहे. रांजणाच्या काठाला धरून उभी राहिली.

"बाबा, काल सकाळी मी बोलून पाठवलं होतं. मायनं ऐकलं का?"

"ऐकलं," मी म्हणलं.

ती तिथंच उभी राहिली. मी तोंडावर पाणी मारलं, पुसलं, आणि बघितलं तर ती उभीच. तिला वाटत होतं आणखी काही आहे, आणि मी देणार नाही. तिला मी माहीत आहे. लहानपणापासून माहीत आहे. तिनं मान खाली घातली आणि आत जायला वळली.

म्हणलं, "बस."

"आक्का बोलवून राहिली."

"बस खाली."

ती रांजणाच्या दगडावर बसली. मी समोर जमिनीवर बसलो. आणि मी तिला सांगायला लागलो. वाकळ कशी गुंडाळून ठेवली इथपासून. ठोकळा आम्ही कसा उचलला, ती हळू हळू कशी म्हणत होती. भिंतीला कुठला हात लावला होता, उजवा. खिडकीपाशी कशी थांबली, आणि न्हाई अशी मान कशी हलवली, ती मी हलवून दाखवली. देवापाशी चालता चालता हात जोडले ते. चौकटीत एक पाय आत आणि एक बाहेर. लेक म्हणली, कुठला आत? म्हणलं, डावा. मग मान वाकडी केली ती, इकडं, अशी. आणि तू सासूला काय म्हणलीस तिथं ती हसली, तुझा शब्द संपताच हसली, दोन्ही वेळा त्याच जागी.

"दोनदा लावलं?"

"तिसऱ्यांदा मागितलं. मी लावलं न्हाई."

"आणि तुमी शिव्या देत असाल म्हणले ते?"

"तेही ऐकलं. माझ्याकडं बघून पदर लावला तोंडाला."

लेक हसायला लागली, आणि मग ते हसणं मोडलं. मी थांबलो. तिचं होईपर्यंत थांबलो. मग पुढचं सांगायला घेतलं, चौकट अडते म्हणून मी काय ओरडलो आणि ती मला काय म्हणली ते.

आक्का दारात आली. म्हणली, पाणी तापलं, माणसं खोळंबली, उन्हं आली, बाप-लेकीचं चाललंय काय. मी तिच्याकडं बघितलंही नाही. म्हणलं, "खोळंबू द्या. अजून चहाचं राहिलंय."